तुझ्या नावाची बाटली

आई,

त्या पाहणीवाल्यांचा परवा पुन्हा फोन आला. हो, तेच, माझ्या जन्मापासून आपल्या मागे लागलेले. लखनौ सुटून इतकी वर्षं झाली, तरी शोधून काढलंच मेल्यांनी! आता एक तरुण मुलगी बोलते, फार गोड. तू कशाने गेलीस, विचारलं. म्हटलं, साखरेने, किडन्या गेल्या. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "लेकिन दीदी, आपकी माताजी को तो शुगर थी ही नहीं." मी फोन ठेवून दिला.

आलमबागच्या रेल्वे क्वार्टरमध्ये दरवर्षी त्यांच्यातल्या बाई यायच्या, खांद्याला पिशवी, पिशवीत फीत आणि वजनकाटा. माझी उंची, तुझं वजन, बाबांचं ब्लडप्रेशर. मुलांची आणि त्यांच्या आईबापांची तब्येत वर्षानुवर्षं बघत राहायची, एवढंच त्यांचं काम, असं बाबा सांगायचे. तुला ते मुळीच पटायचं नाही. "फुकट कोण कुणाचं वजन करतं गं? यांच्या पोटात काहीतरी वेगळंच आहे." चहा द्यायचीस, पण त्या काय लिहितात ते मान वाकडी करून बघायचीस, आणि त्या गेल्या की मोजलेल्या मुलीला नजर लागते म्हणून माझी दृष्ट काढायचीस.

ज्या वर्षी त्यांनी लघवीची बाटली दिली, त्या वर्षी मी अकरा वर्षांची होते आणि ताईचं लग्न ठरत होतं. डॉक्टरांनी तुला साखर सांगून महिना झाला होता. बाबांनाही बोलली नव्हतीस, गोळ्या मेथीच्या डब्यात लपवल्या होत्यास. लखनौतली मराठी घरं ती किती, आणि त्यातल्या तीन घरांत या बाईंचं जाणं-येणं! "गणपतीच्या आरतीपर्यंत सगळ्यांना कळेल. आईला साखर म्हटलं की स्थळ हातचं गेलं. जा, माझ्या बाटलीत तूच कर." मी नाही म्हटलं, तर दंडाला धरून देवासमोर नेलंस आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीस. मी संतापले होते, आई. अजूनही आहे. पण केलं. टपालाने चिठ्ठी आली, साखर नाही. ताईचं लग्न झालं.

पुढच्या वर्षी तुझा नूरच वेगळा. वर्षभर गोळ्या, कारल्याचा रस, भात बंद. "आता कुणापासून लपवायचंय? बघू तरी किती उतरली," म्हणालीस. सकाळी स्वतः बाटली भरलीस, झाकण घट्ट लावून माझ्या हातात दिलीस आणि सब्जी आणायला गेलीस. मी मोरीत उभी आहे. मनात येतं, गेल्या वर्षी नव्हती आणि यंदा निघाली, तर बाई बरोबर ओळखतील, आणि तू सगळं माझ्यावर ढकलशील. मी बाटली ओतून टाकते, विसळते, आणि पुन्हा माझीच भरते. दारात बाई विचारतात, "मम्मी की है ना बेटा?" मी म्हणते, "हाँ."

पुन्हा चिठ्ठी आली, साखर नाही. तू नाचायचीच काय ती राहिलीस. "गेली गं! कारल्याने गेली!" गोळ्या कचऱ्यात टाकल्यास, संध्याकाळी श्रीखंड-पुरी केलीस, आणि पहिल्यांदाच त्या बाईंना चांगलं म्हणालीस. "नाही हं, माणसं प्रामाणिक आहेत." मी समोर बसून जेवत होते. तेव्हा बोलता आलं असतं. तुझे पाय सुजायला लागले, तू ते उन्हाळ्यावर ढकललंस, तेव्हाही आलं असतं. जन्मभर ज्याच्यात्याच्यावर संशय घेतलास, माझ्यावर तेवढा एकदाही घेतला नाहीस.

त्या मुलीचा परत फोन येईल. तिला काय सांगायचं ते अजून ठरत नाही. हे पत्र काही कुणाच्या हातात पडायचं नाही, म्हणून इथे लिहिते. बाई ओळखतील अशी भीती वाटली, असं वर म्हटलंय ना, ते खोटं आहे. ताईलाही मी तेच सांगत आले. वर्षभर तू घरात काही गोडधोड केलं नव्हतंस, आई. मला गोड खायचं होतं.