बिस्किटचं तोंड मऊ आहे

१२ मे
बेरिलला फेब्रुवारीत पोचवून आलो. बायको गेल्यावर माणूस रडतो म्हणतात. मला रडू येत नाही, भूकही लागत नाही. तब्येत ठणठणीत.
टेकडीवरचे किवी पक्षी जपणाऱ्या ग्रुपची नायरी दारात. म्हणाली, डेस, घरात कुजत पडू नकोस, किवी ऐकायला बस. अंधार पडला की दोन तास हाका मोजायच्या. मागच्या टेकडीवर एकच जोडी उरलीय. नर शीळ घालतो, मादी खरखरत उत्तर देते. सोपं आहे. माझे कान उत्तम आहेत.

१५ मे
निश्चय: हलायचं नाही. डुलकी नाही.
नायरीनं बजावलं, कुत्री बांधून ठेव. किवीच्या छातीला धड हाड नसतं, नुसतं तोंडात धरलं तरी खेळ खलास. मी म्हटलं, आमची बिस्किट कोंबडीचं अंडं उचलून आणते, तडा जात नाही! तर म्हणते, हो बाबा, इथे प्रत्येकाचं कुत्रं संतच. खोचक बाई.

१६ मे, रात्री
मागच्या कुंपणाशी खुर्ची टाकली. नराची शीळ, लगेच मादीचं उत्तर. नंतर एकाग्रता फारच वाढली. जाग आली तेव्हा थर्मासमधला चहा मांडीवर सांडलेला. काही जाणवलंच नव्हतं.

१८ मे
नायरीनं कुत्र्यांना किवीपासून लांब ठेवायच्या ट्रेनिंगची तारीख दिली. पेंढा भरलेला किवी हुंगला की गळ्यातला पट्टा करंट देतो. बेरिलच्या कुत्रीला करंट? पुढच्या महिन्यात बघू.

१९ मे
बिस्किटच्या साखळीची सारखी खळखळ. एक हाक धड ऐकू येईल तर शपथ. अशानं सर्व्हे कसा व्हायचा?

२० मे
साखळी सोडली. पक्ष्यांच्याच भल्यासाठी. काय शांतता! दोघांच्या हाका स्वच्छ. नायरीला सांगायला हवं.

२१ मे, सकाळी
बिस्किटनं मादी आणून बेरिलच्या खुर्चीशी ठेवली. मोठी, लांब चोचीची. रक्त नाही. पीसही मोडलेलं नाही. हलत मात्र नव्हती. बिस्किट शेपटी हलवत शाबासकीची वाट बघत होती. सांगितलं होतं ना मी, तोंड मऊ आहे.
नायरीला फोन केला.  ती म्हणाली, कुत्री बांध. आज बसू नकोस.

२१ मे, रात्री
बसलो. नर शीळ घालायचा, थांबायचा. परत घालायचा, परत थांबायचा. दोन तास झाल्यावरही उठलो नाही. डुलकी लागली नाही.
माझे कान उत्तम आहेत.