पापण्यांवरची पट्टी

प्रिय शेंडेफळा,

बाबा इस्पितळातून घरी आले तेव्हा मी तुला फोनवर एवढंच सांगितलं की आता धाप लागत नाही. ते खोटं नाही. पण परवा त्यांनी दुकानातली हत्यारांची पेटी मागवली, माझ्या घड्याळाचं मागचं झाकण नुसत्या हाताच्या अंदाजाने उघडलं आणि सवयीने भिंग डोळ्याला लावलं. भिंग पुसून दे म्हणाले. मी पुसलं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्यांनी मागितलं नाही, झाकण लावून घड्याळ माझ्या हातात दिलं.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, विषाणू छातीत होता, डोळ्यांचा घात अठरा दिवसांच्या गुंगीने केला. श्वासाच्या यंत्रावरच्या माणसाला झोपवून ठेवतात, त्याच्या पापण्या पुरत्या मिटत नाहीत. मग बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, कोरडा पडतो, त्याला जखम होते, तिच्यात जंतू शिरतात. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत आता पांढरे डाग आहेत. पडदा बदलला तरी टिकेल असं कुणी छातीठोकपणे सांगत नाही. घड्याळाची काच मी चहा निवायच्या आत बदलतो, असं बाबा डॉक्टरांना ऐकवून आले. डॉक्टर हसले. बाबा हसले नाहीत.

तिथली ती करडी सिस्टर आठवते ना, जिला तू हवालदार म्हणायचास? दर चार तासांनी ती बाबांच्या डोळ्यांत मलम घालून पापण्यांवर पट्टी चिकटवायची. पट्टीला हात लावायचा नाही, अशी तिने मला पहिल्याच दिवशी तंबी दिली होती. आणि तुझा रोज दुपारी व्हिडिओ कॉल. एकच धोशा, पट्टी काढ, बाबांना मला बघू दे. ते बघतायत, त्यांना कळतंय, असं तू म्हणायचास आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटायचं. सिस्टर दुसऱ्या खाटेकडे वळली की मी पट्टी सोडवायचे, नंतर तीच दाबून बसवायचे. वरून ठीक दिसायची, खाली फट राहायची. एकदा तिला ती फट दिसली. आपलाच हात नीट बसला नाही, असं पुटपुटत तिने नवी लावली. मी शेजारी उभी होते, तोंडातून शब्द काढला नाही. मला माझीच लाज वाटते रे.

डोळ्यांचं कळल्यावर, सिस्टरने हेळसांड केली म्हणून तू तिच्याविरुद्ध केलेल्या तक्रारीची प्रत काल आली. भाषा फर्मास आहे, निबंधात तुझा पहिला नंबर कधी चुकला नाही. तिला कामावरून थांबवलंय. सोमवारी चौकशी आहे आणि मी तिथे जाऊन सगळं सांगणार आहे. पट्टी मी काढली, एवढंच. कुणासाठी, ते सांगणार नाही. त्याआधी तुला कळावं म्हणून हे पत्र. बाबांनाही काल विचारलं, त्या दिवसांत फोनवर धाकटा दिसायचा का. खूप वेळ आठवत बसले. मग म्हणाले, नाही गं, कुणीच दिसलं नाही.

तरीही तुझीच,
ताई