मी उमरेडची, अन् हा पण!

उमरेडच्या रुपरावभाऊले शहरातल्या बेसा वस्तीतल्या सातव्या मजल्यावरून गोपिकेचा वाकून नमस्कार (गुडघे वाकू देत नाहीत, पण कागदावर कोण पाहून राहिलं!). तुया मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं काय? वहिनीची कंबर बरी आहे ना? फोन करत नाही, कारण इथं माया बोलण्यावर पहारा आहे.

झालं असं, की आपली अदिती बालवाडीत बाईले "का?"च्या जागी "काहून?" म्हणाली. तेवढ्यावरून तुया भाच्यानं, रोहितनं, हुकूम सोडला: आई, नातीशी शुद्ध बोल, नाही तर बोलूच नको. (ह्याच पोट्ट्याले मी "खाऊन घे गा" म्हणत वाढवलं, तवा काही त्याचं पोट बिघडलं नाही.) सूनबाई वैदेही भली आहे, तिनं सोपी युक्ती सांगितली: 'ले' आला की 'ला' म्हणायचं.

नातीसाठी मी तेही केलं. रविवारी रोहितच्या सदर भागातल्या हापिसातल्या मोठ्या साहेब, शोभाताई, घरी आल्या. मी दारातच म्हटलं, "पाहुणे आला! पोहे केला आहेत, चहात आला टाकला आहे." (अद्रक म्हणायचीही बंदी आहे.) कोण आला म्हणून बाई कपात डोकावून पाहू लागल्या. रोहित लालबुंद. शोभाताईंनी प्रेमानं विचारलं, आई मूळच्या कुठल्या? मी तोंड उघडायच्या आत हा म्हणतो, "पुण्याच्या."

भाऊ, माया तळपायाची आग मस्तकात गेली गा! म्हटलं, "बाई, मी उमरेडची, अन् हा पण उमरेडचा! सरकारी दवाखान्यात जन्मला अन् पहिला शब्द 'मले' बोलला." भाषा काय तांदूळ आहे, चार पाण्यानं धुतली की शुद्ध झाली? तवापासून रोहित अबोला धरून बसला आहे. बसू दे. मी नातीशी खिडक्या उघड्या टाकून बोलून राहिली, पूर्ण सोसायटी ऐकते. ज्याले शरम वाटते त्यानं कान झाकावे.

तुयी लहान बहीण,
गोपिका

ता.क. हे पत्र वहिनीले वाचून दाखव. मी रोहितले सुनावलं तो भाग दोनदा.

ता.क. आणखी एक. अदिती शाळेत गेली की दिवसभर माह्याशी कोणी बोलत नाही. उमरेडहून एसटी धरून आठ दिवस ये ना गा. दारातूनच एकदा म्हण, "गोपे, काय करून राहिली वं?"