खाटेखालची शेगडी

पुसद, मंगळवार, पौष १९६१

आज माह्या लेकीले, शांतीले, पोरगी झाली. मुठी तं अशा आवळते! मी हासूनच राह्यली. पण जीव थाऱ्यावर नाही. दवाखान्यात शेगडी चालत नाही, असं नर्सबाईनं बजावलंतं. पण शेक नाही तं बाळंतिनीले वारा लागते ना? मी चोरून खाटेखाली ठेवली. चादर पेटली. नर्सबाईनं पोरगी उचलली अन् हातानंच आग दाबली. हात पोयला तिचा. डाक्तर तिलेच ओरडले, "ड्यूटी तुमची होती. उद्या साहेबाले जाब द्या, नाही तं नोकरी गेली समजा." नर्सबाई मले म्हनली, "आजी, नात सलामत आहे ना? जा, निजा." निजू कशी? तो पोयलेला हातच दिसते. उद्या मीच साहेबासमोर उभी राहीन. पुसीन, नात माही, शेगडी माही, मंग नोकरी हिची काहून जावी?