आपोआप मिटणारं दार

आई, आज सकाळी दारं विकणारा माणूस दुकानात येऊन गेला. जुन्या दाराचं खालचं रबर कुजलंय, बर्फ साचला की उंबऱ्यापाशी पाणी आत येतं. तो चौकटींचे नमुने काउंटरवर मांडून थंडी कुठून शिरते ते समजावत होता, आणि मला तुमचे हात दिसत होते.

तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. मुलाकडे म्हणून जर्मनीत, ब्योब्लिंगेनला आलात आणि सुनेच्या किराणा दुकानातच रमलात. दाराजवळच्या खुर्चीत मेथी निवडत बसायचात, आणि बाहेर बर्फ असला तरी तांदळाची पिशवी लावून दार सताड उघडं ठेवायचात. "अगं, मिटलेलं दुकान बघून लोकांना वाटतं, यांच्याकडे काहीतरी झालंय." मी दार लावलं की म्हणायचात, "लावा, कॉन्व्हेंटवाल्या. सिस्टरांनी तेवढंच शिकवलंय." खोटं नव्हतं ते. आवाज न करता दार लावणं आम्हाला पहिलीतच शिकवलं होतं. पण तुमच्या त्या उघड्या दारातून शेजारच्या बेकरीतली आजी रोज आत यायची. तुम्ही मराठीत बोलायचात, ती जर्मनमध्ये, आणि दोघी "गेनाऊ, गेनाऊ", अगदी बरोबर, करत हसायच्या.

एका जानेवारीत सगळी कोथिंबीर गारठ्याने काळी पडली आणि मी गिऱ्हाइकांसमोर तुमच्यावर ओरडले, "आई, हे पुणं नाही." तुम्ही पिशवी पायाने आत सरकवलीत. पुढच्याच आठवड्यात मी हे दार निवडलं. जाड चौकट, तीन काचा, आणि वर वाऱ्यालाही न जुमानता दार ओढून मिटवणारं यंत्र. पहिलाच दिवस. तुम्ही दोन्ही तळवे काचेवर टेकवून ढकलताय, दार वीतभर उघडतं आणि परत येतं. मी डाळीची पाकिटं लावता लावता बघतेय. मग तुम्ही हाक मारू लागलात, "सूनबाई, जरा दार." मी कामात असले की कोट घालून उभ्या राहायचात. हळूहळू हाक थांबली, मग दुकानात येणंही. बेकरीतल्या आजींनी विचारलं, तेव्हा मी थंडीचं कारण सांगितलं. उन्हाळ्याआधीच तुम्ही म्हणालात, मला पुण्याला पोचवा. तुमच्या मुलाला वाटलं, आईला इथला बर्फ सोसला नाही. मीही मान डोलावली. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात.

आज मी बटण दाबलं की उघडणारं दार सांगितलं. माझंही मनगट आता दुखतं.

दार जड लागतं, असं तुम्ही एकदाच म्हणाला होतात. इथे असंच मिळतं, असं मी सांगितलं. आई, तेव्हाही हलकं मिळत होतं. त्या वेळच्या माणसाने दोन्ही दाखवली होती, वयस्कर कोणी रोज ये-जा करतं का, असंही विचारलं होतं. मी नाही म्हटलं. मला फक्त ते दार मिटलेलं हवं होतं.

हे तुमच्या मुलाला तरी वाचून दाखवावं, असं मनात होतं. ते आत्ताच डोकावून गेले, काय लिहितेस म्हणाले. सामानाची यादी, असं सांगितलं.