पयले काय झालं, ते सांग

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आज लिहायला बसले ते परवा माझ्या वर्गात जे झालं त्यामुळे. मी सौंसरला आठवीला शिकवते. परवा गणिताच्या तासाला एका मुलीनं समोरच्या मुलीच्या वहीवर पाण्याची अख्खी बाटली ओतली. मी ओरडले. "बाहेर हो," म्हणाले, आणि तास संपेपर्यंत तिला व्हरांड्यात उभं ठेवलं. येणारे-जाणारे तिच्याकडे पाहत होते. घंटा झाल्यावर ती आत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप नव्हता, नुसता निबरपणा होता. तो चेहरा मला ओळखीचा वाटला. पांढुर्ण्याच्या शाळेत, सातवीत, तो माझाच होता.

तुमचा वर्ग शांत असायचा, पण धाकानं नाही, हे मला शिक्षिका झाल्यावर कळलं. पोळा जवळ आला की आपल्या वर्गात पांढुर्णा आणि सावरगाव अशी दोन टोळकी पडायची. नदीच्या दोन काठांवरून दोन्ही गावं एकमेकांवर दगड मारतात त्या गोटमारीत कोण जिंकणार यावरून चिडवाचिडवी, मग धक्काबुक्की. शेजारच्या वर्गात छडी चालायची. तुम्ही मात्र आठ दिवस आधीच जागा बदलायचात. प्रत्येक बाकावर एक नदीच्या अलीकडचा, एक पलीकडचा, आणि दोघांना मिळून एकच नकाशा काढायचं काम. काही टळलं आहे, हेसुद्धा कुणाच्या लक्षात यायचं नाही.

पण सगळंच टळत नाही. हस्तकलेचा तास आहे. तुम्ही कैच्या वाटून फळ्याकडे वळला आहात. पुढच्या बाकावरच्या मुलीची वेणी माझ्या कागदावर येऊन पडते, आणि मी ती कापते. चांगली वीतभर. त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तिनं आपला डबा माझ्या डब्याजवळून सरकवून घेतला होता आणि सगळ्यांसमोर म्हणाली होती, "हिच्याजवळ बसून जेवाचं नाही, आईनं सांगितलं." मी कुणाला काही बोलले नव्हते. कैची हातात येईपर्यंत मला स्वतःलाही माहीत नव्हतं की मी इतकी पेटले आहे.

वर्गात कल्ला झाला. तुम्ही आधी माझ्याकडे आलाच नाहीत. तिच्याजवळ गेलात, तिला पाणी पाजलंत, आपला रुमाल तिच्या केसांना बांधलात. मग माझ्यासमोर हात पुढे केलात. कैची ओढून घेतली नाहीत; मी ती ठेवेपर्यंत तो हात तसाच राहिला. मग मला बाहेर नेलंत आणि स्वतः पायरीवर बसलात. तुमचं तोंड माझ्या तोंडापेक्षा खाली आलं.

"काऊन केलं, हे मी आता विचारून नाही राहिली," तुम्ही म्हणालात. "त्याच्या पयले काय झालं, ते सांग."

मी डब्याचं सांगितलं. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "तुले राग आला, त्यात तुही चूक नाही. केस कापले, ते चूकच हाय. डब्याचं अन् केसाचं, मी दोन्ही सोडणार नाही."

हेडसरांनी बाबांना बोलावून घेतलं. ते संत्र्याच्या बगिच्यातून तसेच आले, पायाला माती, आणि दाराशीच उभे राहिले. "हिची टीसी घेऊन जा," हेडसर म्हणाले. बाबांनी माझ्यावर हात उचलला तेव्हा तुम्ही मध्ये आलात. "भाऊ, मारू नका." आणि हेडसरांना म्हणालात, "सर, कैच्या मी वाटल्या, अन् पाठ मी फिरवली. तक्रार लिहाची असंन तर पयले माह्यावर लिहा." माझी टीसी निघाली नाही. त्याआधी कुणी मोठ्या माणसानं माझ्यासाठी स्वतःची चूक कबूल केल्याचं मी पाहिलं नव्हतं.

ती मुलगी केसांच्या लाजेनं शाळेत येईना. रोजचा अभ्यास उतरवून तिच्या घरी नेऊन द्यायचा, ही माझी शिक्षा. पहिल्या दिवशी तुम्ही सोबत आलात आणि तिच्या आईशी आत बसून बोललात. काय बोललात ते मला कधी कळलं नाही. बाहेर आलात तेव्हा तुमचा चेहरा उतरला होता. दुसऱ्या दिवसापासून मी एकटी. तिची आई वही ओट्यावर ठेवायला सांगायची. त्या दारात मला एकटीला पाठवणं तेव्हा कठोर वाटलं, आणि खरं सांगते, बाई, आजही थोडं वाटतं. सहाव्या दिवशी ती स्वतः बाहेर आली आणि म्हणाली, "हे अपूर्णांकाचं समजून नाही राहिलं." मी ओट्यावर बसून समजावलं. सोमवारी ती शाळेत आली. त्या दिवसापासून हजेरीच्या क्रमानं गोल करून जेवायचं ठरलं, आणि तुम्ही आपला डबा घेऊन आमच्यात बसू लागलात, रोज नव्या दोघींच्या मध्ये. आमची मैत्री झाली नाही. पण तिनं पुन्हा डबा सरकवला नाही.

आज सकाळी मी त्या बाटलीवाल्या मुलीला बोलावलं आणि तिच्या शेजारी बाकावर बसले. म्हणाले, "तुला बाहेर उभं केलं, ते माझं चुकलं. पाणी ओतलं त्याच्या पयले काय झालं?" ती नखानं बाक खरवडत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, माहे बाबा लंगडतात. तिनं त्यायची नक्कल करून दाखवली." भिजलेली पानं ती नव्यानं लिहून देणार आहे. नक्कल करणारीशी उद्या बोलायचं आहे, आणि त्यासाठी मला अजून नीट शब्द सापडलेले नाहीत.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर जायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. शिक्षकांच्या प्रशिक्षणात वर्ग सांभाळण्यावर मला बोलायला उभं करतात. बाक कसे बदलायचे, आधी कुणाजवळ जायचं, काय विचारायचं, सगळं तुमचंच सांगते. कुणी विचारतं, "मॅडम, हे कुठं शिकल्या?" मी म्हणते, "अनुभवानं." तुमचं नाव मी आजवर एकदाही घेतलेलं नाही. ते घेतलं की वेणीचं सांगावं लागेल.