पेटी कोणत्या कोपऱ्यात ठेवावी

मी, बाळकृष्णराव, वय वर्षे त्रेसष्ट, वीज मंडळातून निवृत्त, राहणार मानंबुचावडी, तंजावूर, कोणाचेही दडपण नसताना हा कागद स्वहस्ते लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात मद्रासला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. अशा कागदात 'स्थिर चित्ताने' असे लिहायची रीत आहे. माझे चित्त ठिकाणावर आहे. स्थिर ते कधीच नव्हते, आणि खोट्याने सुरुवात करायची माझी इच्छा नाही. एवढे लिहीपर्यंत मी दोनदा उठून आलो.

मुलांना मराठी समजते, पण देवनागरी लागत नाही. तेव्हा माझ्यामागे हा कागद माझ्या पत्नी वेंकूबाई यांनी मोठ्याने वाचून दाखवावा. त्यांच्याविषयी जे आले आहे तेही गाळू नये.

कलम १. राहते घर, परसातल्या विहिरीसह, वेंकूबाईंचे. दिवाणखान्याबद्दल मात्र एक खुलासा करतो. सबवूफर, म्हणजे फक्त खालचे, घुमणारे सूर वाजवणारी पेटी, कुठेही ठेवून चालत नाही. कोपऱ्यात ती फुगते, भलत्या जागी तिचा सूरच नाहीसा होतो. जागा शोधायची तर पेटी आपल्या बसायच्या खुर्चीवर चढवायची आणि आपण जमिनीवर रांगत फिरायचे. जिथे सगळे खालचे सूर सारखे ऐकू येतील, तिथे पेटी. मी असा रांगत असताना शेजारचे डॉक्टर चिदंबरराव आत आले आणि काही न विचारता माझी नाडी धरून बसले. जागा सापडली ती नेमकी देवघराची. देव हातभर सरकवू या म्हटले, तर वेंकूबाई म्हणाल्या, "देव सरकायचे नाहींत. तुम्ही सरका." पेटी अजूनही हातभर अलीकडेच आहे आणि मंद्र पंचम तिथे कमी पडतो. याची नोंद असावी.

कलम २. बँकेतली व पोस्टातली ठेव वेंकूबाईंची. त्यांच्यानंतर मुलगा सुंदर आणि मुलगी हरिता यांनी सारखी वाटून घ्यावी. भांडायचे असेल तर मी जिवंत असताना भांडावे, म्हणजे मलाही बोलता येईल.

कलम ३. मारुती गाडी डिकीतल्या दोन्ही वूफरांसह सुंदरला. त्याने ध्यानात ठेवावे: काही खडखडले की आधी नंबरप्लेट आणि जॅक आवळून पाहावा, मग वूफरला शिव्या द्याव्यात. इंजिनाबरोबर चढत जाणारी शीळ ऐकू आली तर काळी, म्हणजे अर्थिंगची, तार तपासावी. ती आखूड हवी आणि रंग खरवडून उघड्या पत्र्याला घट्ट बसवलेली हवी. गाण्याची तार बॅटरीच्या तारेच्या कुशीतून नेऊ नये. हे त्याला मी पुष्कळदा सांगितले आहे आणि पुष्कळदा त्याने "हो अप्पा" म्हटले आहे.

कलम ४. बसस्टँडजवळचे दुकानदार प्राणेश यांना माझा पहिला, जळालेला वूफर देण्यात यावा. तो घेताना मी म्हटले होते, मला मृदंग ऐकायचा आहे, बंद पेटी द्या. थाप पडली की नाद तिथेच थांबला पाहिजे. त्यांनी भोक असलेली पेटी गळ्यात मारली, वर "सार, वॅट पाहा, वॅट!" तिच्यातून मृदंग रिकाम्या पिंपावर वाजवल्यासारखा घुमत राही. भेट काचेच्या कपाटात दर्शनी मांडावी ही विनंती.

कलम ५. झाळकाम व मोजमापाची सर्व हत्यारे हरिताला. सुंदरने वाईट वाटून घेऊ नये. तो तारा पिळतो आणि वर चिकटपट्टी गुंडाळतो, हे त्यालाही ठाऊक आहे.

कलम ६. दिवाणखान्यातली पेटी. हे कलम मी तीनदा फाडले.

ती मी स्वतः बांधली. वेंकूबाईंचे वडील मृदंग वाजवीत. त्यांच्या एकाच कचेरीची, म्हणजे मैफलीची, ध्वनिफीत उरली आहे. साध्या टेपवर त्यांचा उजवा हात तेवढा ऐकू येई. डावीकडचा, तोप्पीचा, खोल नाद कुठेच नाही. तो त्यांच्या लेकीला ऐकवावा एवढ्यासाठी ही सारी यातायात. नवरात्रात फीत लावली. तनि आवर्तन, म्हणजे एकट्या मृदंगाचे वादन, सुरू झाले आणि मला नाद किंचित जड वाटला. मी उठून, पेटीने किती वरपर्यंतचे सूर घ्यावेत ते ठरवणारे बटण साठावर आणले. मग तो पोकळ वाटला, म्हणून पेटीच्या मागे जाऊन फेजची, म्हणजे नादाची लाट उलटवणारी, कळ फिरवली. मग खिडकीची काच वाजू लागली. मी तिथे कागदाची घडी खोचत असताना वेंकूबाईंनी टेप बंद केला.

"पोदुम! पुरे झालं. माझ्या बाबांचा हात मज माहीत. लग्नापासून एक गाणं तरी माझ्या शेजारी बसून अस्कं, शेवटपर्यंत ऐकलांत का?"

मी म्हटले, नीट लागल्याशिवाय ऐकायचे कसे? त्या फीत घेऊन पापनाशमला भावाकडे गेल्या. माझे चुकले असे मी लिहून देणार नाही. नाद खरोखरच जड होता. परंतु तेव्हापासून पेटी मी चालू केलेली नाही, घर मला खायला उठते आणि शस्त्रक्रियेपेक्षा मला याची भीती वाटते की त्या येणार नाहीत.

पेटी वेंकूबाईंना. ती ठेवावी, विकावी की तिच्यात तांदूळ भरावा, हे त्यांनी ठरवावे.

कलम ७. आता माझी पुस्तके व इतर किरकोळ

येथे लिहिणे थांबले होते. वेंकूबाई पापनाशमच्या बसने आल्या आहेत. मी साक्षीदारांना बोलावल्याचे डॉक्टरांनी त्यांना फोनवर कळवले. मी डॉक्टरांना तसे करायला सांगितले नव्हते. "लिहून झालं की नाहीं? मग या, बसा," असे त्या म्हणतात. फीत टेपमध्ये आहे. उरलेले सर्व, जे असेल ते, त्यांचे.

साक्षीदारांचे निवेदन: बाळकृष्णराव शुद्धीवर असून मजकूर त्यांच्याच हातचा आहे. ध्वनिफीत संपेपर्यंत सहीसाठी आम्हांस थांबावे लागले. तनि आवर्तनात खिडकीची काच वाजू लागली. बाळकृष्णरावांनी तिकडे पाहिले, खुर्चीचे हात घट्ट धरले, आणि उठले नाहीत. त्यानंतर आमच्यासमोर सही केली.

सही: बाळकृष्णराव

साक्षीदार:
१. डॉ. चिदंबरराव
२. कल्याणराम, वकिलाचे कारकून

तंजावूर, १८ जानेवारी १९९७